डिजिटल स्ट्रीट फोटोंना जुन्या फिल्मचं रूप देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्यावर टिपलेला डिजिटल फोटो फिल्मवर काढल्यासारखा कसा दिसेल, हे मला सतत विचारलं जातं. मी फिल्मवर शिकलो, रोल स्वतः धुतले, डार्करूमच्या लाल दिव्याखाली प्रिंट काढले आणि मग डिजिटलकडे आलो. त्यामुळे या विषयावर माझी काही ठाम मतं आहेत. ती उत्तरांत जागोजागी दिसतीलच.

‘फिल्म लूक’ म्हणजे नेमकं काय?

या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिली गोष्ट म्हणजे ताज्या फिल्मवर नीट काढलेला, नीट धुतलेला फोटो. दुसरी, त्या निगेटिव्हवरून, म्हणजे धुतलेल्या फिल्मवरच्या उलट्या छटांच्या चित्रावरून, कागदावर काढलेला प्रिंट. तिसरी, तीस-चाळीस वर्षं अल्बममध्ये पडून रंग उडालेला प्रिंट. तिन्हींचं रूप वेगळं असतं.

फिके काळे, पिवळट पांढरे, सगळ्यावर धुरकट पडदा असं जे सर्रास ‘फिल्म’ म्हणून दाखवलं जातं, ते खरं तर तिसऱ्या प्रकारचं रूप आहे, म्हणजे काळाने खराब केलेल्या प्रिंटचं. तो फोटो ज्या दिवशी धुऊन आला त्या दिवशी तो तसा नव्हता. त्याचे रंग भरलेले होते आणि काळे चांगले गडद होते. म्हणून एडिटिंग सुरू करण्याआधी ठरवा की तुम्हाला फिल्मसारखा फोटो हवा आहे की जुना झालेला फोटो. दोन्ही करता येतात, पण एकाच फोटोत दोन्ही ओतले की तो धड कशासारखाच दिसत नाही.

मग सुरुवात कशापासून करू?

एक फिल्म निवडा. ‘व्हिंटेज’ असा मोघम विचार नको. ‘ट्राय-एक्स, थोडी पुश केलेली’ (म्हणजे जास्त आयएसओची समजून वापरलेली आणि जास्त वेळ धुतलेली; आयएसओ म्हणजे उजेडाला असलेली संवेदनशीलता) किंवा ‘पोर्ट्रा ४००, दुपारचं ऊन’ इतकं नेमकं ठरवा. मग त्या फिल्मवर खरोखर काढलेले वीसेक फोटो शोधून शांतपणे पाहा. आकाश किती पांढरं आहे? सावलीतले काळे कोणत्या रंगाकडे झुकतात? पानं किती हिरवी आहेत? हा अर्धा तास तुम्हाला कोणत्याही प्रीसेटपेक्षा, म्हणजे एडिटिंगच्या तयार सेटिंगपेक्षा, जास्त शिकवेल.

कोणती फिल्म कशी दिसते, थोडक्यात सांगाल?

थोडक्यात सांगणं अवघड आहे, पण स्ट्रीटवाल्यांना उपयोगी पडतील अशा काहींबद्दल सांगतो.

कोडॅक ट्राय-एक्स ३५ मिमी रोलमध्ये १९५४ साली आली आणि पुढची कित्येक दशकं वृत्तछायाचित्रकारांच्या खांद्यावरच्या पिशवीत तीच असे. ठसठशीत दाणा (फोटोत दिसणारे फिल्मचे बारीक कण), खमका कॉन्ट्रास्ट, मधल्या राखाडी छटांत जोर. ४०० ऐवजी १६०० समजून वापरली आणि जास्त वेळ धुतली की सावल्यांतला तपशील जवळपास नाहीसा होतो, दाणा फुगतो आणि रात्रीचा रस्ता शाईत बुडवल्यासारखा दिसतो. इलफर्ड एचपी५ प्लस तिच्यापेक्षा थोडी मवाळ आहे. तिच्यात राखाडी छटा जास्त सांभाळल्या जातात.

कोडाक्रोम १९३५ची. २००९ साली कंपनीने तिचं उत्पादन थांबवलं. ही स्लाइड फिल्म होती, म्हणजे थेट पॉझिटिव्ह: धुतल्यावर फिल्मवरच खऱ्या रंगांचं चित्र. गर्द लाल, खोल काळे आणि उजळ भागात चुकीला फारशी माफी नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. अंधारात नीट ठेवलेल्या कोडाक्रोमचे रंग अनेक दशकं टिकतात. त्यामुळे ‘फिकट कोडाक्रोम’ नावाचे प्रीसेट पाहिले की मला वाईट वाटतं, कारण त्या फिल्मचा सगळ्यात मोठा गुणच त्यात पुसला जातो.

कोडॅक पोर्ट्रा १९९८ साली बाजारात आली. ही कलर निगेटिव्ह फिल्म आहे. त्वचेचे रंग जपणारी, कॉन्ट्रास्ट कमी, उजळ भाग अतिशय मऊ. उलट फुजीची वेल्व्हिया, १९९०ची, निसर्गचित्रांसाठी लाडकी आणि रंगांनी भडक. माणसांचे चेहरे तिच्यात लालसर होतात, म्हणून स्ट्रीटसाठी मी ती सहसा सुचवत नाही.

सिनेस्टिल ८००टी ही मुळात कोडॅकची सिनेमासाठीची फिल्म, पाठीवरचा काळा थर काढून साध्या कॅमेऱ्यासाठी दिलेली. दिव्यांभोवती दिसणारं तिचं लाल वलय आज सगळ्यांच्या ओळखीचं आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

फोटो काढतानाच काही काळजी घ्यावी का?

हो, आणि माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं. कलर निगेटिव्हला जास्त उजेड मिळाला तरी ती सांभाळून घेते, पण उजेड कमी पडला की सावल्या चिखलासारख्या होतात. डिजिटल सेन्सरचं उलट आहे. सावलीतून बरंच काही वर काढता येतं, पण एकदा पांढरं उडालं की तिथे काहीच उरत नाही. फिल्मचा सगळ्यात सुंदर गुण म्हणजे उजळ भाग हळूहळू पांढऱ्यात विरघळणं. तो दाखवायचा असेल तर तुमच्या फाइलमध्ये उजळ भागाची माहिती शिल्लक असायला हवी. म्हणून कडक उन्हात मी एक्सपोजर दोन-तृतीयांश स्टॉप कमी ठेवूनच फोटो काढतो (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा उजेड).

दुसरी गोष्ट व्हाइट बॅलन्सची, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवण्याची. फिल्मला ऑटो व्हाइट बॅलन्स नसतो. डेलाइट रोल साधारण ५५०० केल्व्हिनसाठी (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप) बनवलेला असतो आणि छत्तीसच्या छत्तीस फोटोंना तोच लागू होतो. त्यामुळे सावलीतली गल्ली निळसर येते, संध्याकाळ सोनेरी येते, जुन्या बल्बखालचं दुकान चक्क नारिंगी येतं. कॅमेऱ्याने ही सगळी दृश्यं एकसारखी ‘दुरुस्त’ केली की नंतर कितीही दाणा टाका, डोळ्याला खटकत राहतं. कॅमेऱ्यात डेलाइटची खूण निवडा आणि दिवसभर तिला हात लावू नका. फक्त एवढ्या एका सवयीने माझ्या ओळखीच्या कित्येकांचे फोटो बदलले आहेत.

मोबाइलवर काढलेल्या फोटोंचं काय?

मोबाइल एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतो, सावल्या उचलतो, आकाश दाबतो आणि प्रत्येक कड तीक्ष्ण करतो. हे सगळं फिल्मच्या विरुद्ध आहे. शक्य असेल तर रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, घ्या. कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमध्ये ही प्रक्रिया कमीत कमी करण्याची सोय असेल तर ती वापरा. तेही जमत नसेल तर एडिट करताना पहिलं काम म्हणून सावल्या पुन्हा खाली आणा आणि टेक्सचर-क्लॅरिटी उणेमध्ये न्या. फ्रेमचा आकारही पाहा. ३५ मिमी फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिमी, म्हणजे दोनास तीन. मोबाइलची बहुधा तीनास चार असते. दोनास तीनमध्ये कापल्याबरोबर फोटो थोडा ओळखीचा वाटू लागतो.

जेपेगवर हे सगळं करता येईल का?

येईल, पण जपून. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. कर्व्ह जोरात ओढला की जेपेगच्या आकाशात पट्टे उमटतात. हलका दाणा टाकला तर ते बरेचसे झाकले जातात.

एडिटिंगचा क्रम काय ठेवावा?

आधी क्रॉप. मग एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स, मग टोन कर्व्ह, मग रंग, मग तीक्ष्णपणा कमी करणं, त्यानंतर वलय वगैरे, आणि दाणा सगळ्यात शेवटी. क्रॉप आधी का? दाण्याचा आकार अख्ख्या चौकटीच्या मापाने ठरतो. आधी दाणा टाकून नंतर अर्धी फ्रेम कापली तर दाणा मोठा दिसतो. डार्करूममध्येही निगेटिव्हचा तुकडा मोठा केला की असंच होतं, त्यामुळे कुणी मुद्दाम तसं करत असेल तर माझी हरकत नाही.

टोन कर्व्ह नेमका कसा वाकवायचा?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून इथे थांबतो. टोन कर्व्ह म्हणजे मूळ फोटोतली कोणती छटा किती उजळ किंवा गडद व्हावी हे ठरवणारी रेषा.

हर्टर आणि ड्रिफील्ड या दोन संशोधकांनी १८९० साली फिल्मवर पडणारा उजेड आणि धुतल्यावर येणारा काळेपणा यांचं नातं आलेखावर मांडलं. तो आलेख सरळ रेषा नाही. खाली एक सपाट पायथा, मध्ये चढण आणि वर पुन्हा वाकलेला खांदा असा त्याचा आकार आहे. सेन्सर मात्र उजेडाला सरळ हिशोबाने मोजतो आणि भांडं भरलं की एकदम थांबतो. फिल्मचा ‘मऊपणा’ म्हणतात तो प्रामुख्याने या खांद्यात आहे.

लाइटरूम, डार्कटेबल किंवा कर्व्ह असलेल्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हे करा. कर्व्हवर तीन-चार बिंदू ठेवा. इथे शून्य म्हणजे पूर्ण काळं आणि २५५ म्हणजे पूर्ण पांढरं. वरचा उजवा टोकाचा बिंदू २५५वरून २४५च्या आसपास खाली घ्या आणि त्याच्या आधीचा भाग हळूच वाकवा, म्हणजे उजळ छटा एकमेकींजवळ येतील पण पांढरं एकाएकी सुरू होणार नाही. मधला भाग थोडा चढा ठेवा. तळाशी किंचित वक्र. काळा बिंदू शून्यावरून ८ ते १२पर्यंत उचललात तर पुरेसं आहे. लोक तो ३०-४०पर्यंत नेतात आणि फोटो धुक्यात गेल्यासारखा होतो. लक्षात घ्या, उचललेले काळे हा मुख्यतः खराब स्कॅनचा किंवा फिकट झालेल्या प्रिंटचा गुण आहे. चांगल्या चकचकीत कागदावरच्या प्रिंटचे काळे खोल असतात.

यानंतर लाल, हिरवा आणि निळा हे कर्व्ह वेगवेगळे उघडा. फिल्मचे तीन रंगथर सगळ्या उजेडात सारखे वागत नाहीत, म्हणून सावलीचा कल एका रंगाकडे आणि उजेडाचा कल दुसऱ्या रंगाकडे जातो. निळ्याच्या कर्व्हचं खालचं टोक जरासं वर आणि वरचं टोक जरासं खाली घेतलं की सावल्या गार आणि उजेड उबदार होतो. जरासं म्हणजे पाच-सहा अंक. पाहणाऱ्याला रंग चढवलाय हे कळता कामा नये.

स्लाइडसारखं रूप हवं असेल तर हा सगळा सल्ला उलटा करा. काळे खोल ठेवा, चढण आणखी उभी करा आणि खांदा लहान.

रंगांमध्ये काय बदलायचं?

डिजिटल फोटोत सॅच्युरेशन वाढवलं की रंग दिव्यासारखे उजळतात. फिल्ममध्ये रंग घट्ट होतात तेव्हा गडदही होतात, कारण तिथे रंग म्हणजे उजेड अडवणारा डाय असतो. जितका डाय जास्त, तितका उजेड कमी. माझ्या अनुभवात ‘हे डिजिटल आहे’ असं एका नजरेत सांगणारी गोष्ट हीच, तजेलदार पण वजन नसलेले रंग. म्हणून लाल, निळा आणि हिरवा यांचा उजळपणा प्रत्येकी थोडा कमी करा. सॅच्युरेशनला हात न लावताही लाल छत्री एकदम जड, खरी वाटू लागते.

हिरव्याकडे खास लक्ष द्या. सेन्सरचा हिरवा पिवळट आणि टोचणारा येतो. कोडॅकच्या कलर निगेटिव्हकडे जायचं असेल तर हिरव्याचं सॅच्युरेशन कमी करून तो थोडा पिवळ्या-तपकिरीकडे वळवा. फुजीच्या साध्या रोलकडे जायचं असेल तर तो निळसर बाजूला ढकला. आकाशाचा निळा किंचित सायनकडे, म्हणजे हिरवट निळ्याकडे. नारिंगीला मात्र शक्यतो हात लावू नका, कारण माणसांची त्वचा त्यात राहते आणि स्ट्रीट फोटोतून माणसंच बिघडली तर बाकी सगळं वाया.

सावल्या-उजेडाला वेगळा रंग देण्यासाठी लाइटरूममध्ये पूर्वी स्प्लिट टोनिंग होतं. २०२० साली त्याच्या जागी कलर ग्रेडिंग आलं. सॅच्युरेशन ५ ते १०च्या आत ठेवलंत तर दोन्हींचा परिणाम नीट येतो. सावलीत टील (गडद हिरवट निळा) आणि चेहऱ्यावर नारिंगी हा सिनेमाच्या डिजिटल ग्रेडिंगचा साचा आहे. जुन्या फिल्मशी त्याचा फारसा संबंध नाही.

दाणा किती टाकायचा? आयएसओ वाढवून नॉइज आणला तर चालणार नाही का?

नाही चालणार. नॉइज आणि दाणा या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. सेन्सरचा नॉइज मुख्यतः सावल्यांत साचतो, पिक्सेलच्या जाळीला चिकटून असतो आणि त्यात लाल-हिरवे डाग पडतात. कृष्णधवल फिल्मचा दाणा म्हणजे प्रत्यक्ष चांदी. सिल्व्हर हॅलाइडचे स्फटिक धुताना काळ्या चांदीच्या कणांत बदलतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते आपल्याला दिसतात. कलर फिल्ममध्ये धुताना चांदी काढून टाकली जाते आणि तिच्या जागी डायचे सूक्ष्म ढग राहतात, म्हणून कलरचा दाणा मऊ. प्रिंटमध्ये तो सगळ्यात जास्त दिसतो मधल्या छटांत, म्हणजे आकाशात, भिंतीवर, गालावर. अगदी काळ्यात आणि अगदी पांढऱ्यात तो विरतो.

त्यामुळे पहिल्यांदा रंगीत नॉइज पूर्ण काढा. मग दाणा टाका. लाइटरूममध्ये आकार २५ आणि खडबडीतपणा ५० हे मूळ आकडे असतात. ४०० आयएसओच्या कलर निगेटिव्हसाठी मी प्रमाण २० ते २५ ठेवतो, पुश केलेल्या ट्राय-एक्ससाठी ४५पर्यंत आणि आकारही वाढवतो. फाइल किती मेगापिक्सेलची आहे त्यावर हे बदलतं, म्हणून आकड्यांपेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवा. शंभर टक्के मोठं करून एकदा पाहा, पण निर्णय अख्खा फोटो पडद्यावर बसवून घ्या.

आणि दाणा टाकण्याआधी शार्पनिंग कमी करायला विसरू नका. काचेसारख्या तीक्ष्ण फोटोवर दाणा टाकला की तो फोटोवर शिंपडलेल्या वाळूसारखा दिसतो. फिल्ममध्ये प्रतिमा दाण्यानेच बनलेली असते. कडा आधी मऊ केल्या की प्रतिमा आणि दाणा एकमेकांत मिसळतात.

कृष्णधवल करताना फक्त सॅच्युरेशन शून्य केलं तर?

फोटो राखाडी होईल, कृष्णधवल होणार नाही. लाल साडी आणि हिरवी भिंत रंगात एकमेकींपासून ओरडून वेगळ्या असतात. रंग काढले की दोन्ही सारख्याच राखाडी होऊ शकतात. ब्लॅक अँड व्हाइट मिक्सर वापरून कोणता रंग किती उजळ यावा हे ठरवा. फिल्मवाले हेच काम भिंगावर पिवळा, नारिंगी किंवा लाल फिल्टर लावून करत. निळा थोडा खाली घेतला तर पिवळ्या फिल्टरसारखं आकाश येतं आणि ढग उठून दिसतात. अगदी जुनं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं रूप हवं असेल तर उलट करा. तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. ओठ गडद येत, आकाश पांढरंफटक.

जपानचे दायदो मोरियामा यांचं काम पाहा. खरबरीत, हललेले, फोकस सुटलेले फोटो. त्यात राखाडी जवळपास नाही, आणि तरी प्रत्येक फोटोत रस्त्याचा वास येतो. कॉन्ट्रास्ट वाढवायला घाबरणाऱ्यांना मी नेहमी तेच दाखवतो.

दिव्यांभोवतीचं लाल वलय कसं आणायचं?

याला हॅलेशन म्हणतात. प्रखर उजेड फिल्मच्या सगळ्या थरांतून पलीकडे जातो, पाठीवर आपटून परततो आणि आजूबाजूच्या भागावर पुन्हा पडतो. परतताना त्याला सगळ्यात आधी भेटतो तो लाल रंग टिपणारा थर, कारण तो सगळ्यात खाली असतो. म्हणून वलय लाल. बहुतेक फिल्ममध्ये हे रोखण्यासाठी एक शोषक थर असतो. सिनेमाच्या फिल्मला पाठीवर काळा कार्बनचा थर असायचा. सिनेस्टिलमध्ये तो आधीच काढलेला, म्हणून वलय इतकं ठळक.

लेयर असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोची प्रत करा, तिच्यातले फक्त सर्वांत उजळ भाग ठेवा, बाकी काळं करा. त्यावर गॉशियन ब्लर देऊन ती धूसर करा, नारिंगी-लाल रंग चढवा आणि स्क्रीन मोडमध्ये (ज्यात वरचा लेयर खालचं चित्र फक्त उजळवतो) हलकेच वर ठेवा. अपारदर्शकता १५ ते २५ टक्के. वलय फक्त गडद पार्श्वभूमीवरच्या दिव्यांना शोभतं. दुपारच्या पांढऱ्या आकाशाला लाल कड आली की सगळा डाव उघडा पडतो.

रात्रीचे फोटो फिल्मसारखे का वाटत नाहीत?

बहुतेक वेळा ते फार उजळ असतात म्हणून. रात्र काळी ठेवा. दिवे आणि त्यांच्या उजेडातले चेहरे तेवढे दिसू देत. टंगस्टन फिल्म ३२०० केल्व्हिनसाठी असते, तेव्हा व्हाइट बॅलन्स तिथे नेऊन पाहा. बल्ब पांढरे होतात आणि उरलेलं जग निळं होतं. डेलाइट फिल्म ट्यूबलाइटखाली हिरवट येत असे. तो हिरवा थोडा ठेवलात तर स्टेशनाचा किंवा भुयारी मार्गाचा फोटो लगेच वेगळा बोलतो.

धूळ, ओरखडे, लाइट लीक टाकावेत का?

मी टाकत नाही. माझे रोल धुताना मी धूळ बसू नये म्हणून जिवाचं रान करत असे, ती आता मुद्दाम आणण्याची इच्छा होत नाही. पण टाकायचेच असतील तर निदान बरोबर टाका. निगेटिव्हवरची धूळ एन्लार्जरचा, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राचा, उजेड अडवते, म्हणून प्रिंटवर पांढरा ठिपका उमटतो. स्लाइडवरची धूळ काळी दिसते. निगेटिव्हवरचा थर खरवडून टाकणारा खोल ओरखडा प्रिंटवर काळी रेघ उमटवतो. कोडाक्रोमसारख्या रंगांवर पांढरी धूळ पसरलेली पाहिली की ती तयार आच्छादनातून आली आहे हे जाणकाराला क्षणात कळतं.

लाइट लीक कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाचं स्पंज झिजलं की होते. उजेड फिल्मच्या पाठीकडून घुसतो, पुन्हा तोच खालचा लाल थर आधी गाठतो, म्हणून ती लाल-नारिंगी असते आणि फ्रेमच्या कडेने येते. मधोमध उमटलेली जांभळी झळाळी कुठल्याच झाकणातून येणार नाही.

कोपऱ्यातली नारिंगी तारीख?

नको. दिसते छान, पण तो फोटो त्या दिवशी काढला असं ती सांगते. खोटी तारीख टाकलेला रस्त्यावरचा फोटो पुढे कुणाच्या हाती कसा पडेल, हे आपल्या हातात राहत नाही.

आणि काळी चौकट?

तिचा एक अर्थ आहे. निगेटिव्ह न कापता अख्खी छापली की तिच्या कडेचा पारदर्शक भाग प्रिंटवर काळा येतो. फ्रेंच छायाचित्रकार ऑंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा अशा न कापलेल्या प्रिंटचा आग्रह प्रसिद्ध आहे. म्हणजे काळी चौकट सांगते, ‘मी पाहिलं ते एवढंच आणि असंच.’ तुम्ही फोटो क्रॉप केला असेल तर ती लावू नका.

तयार प्रीसेट विकत घ्यावेत का?

शिकण्यासाठी घ्यायला हरकत नाही. घेतल्यावर ते उघडा, कर्व्ह पाहा, एकेक गोष्ट बंद करून काय बदलतं ते तपासा. प्रीसेट ज्या फोटोवर बनवला त्याचं एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स वेगळं होतं, म्हणून तुमच्या फोटोवर तो जसाच्या तसा बसणार नाही. लावल्यानंतर एक्सपोजर आधी दुरुस्त करा आणि मगच तो चांगला की वाईट ते ठरवा.

फुकट सॉफ्टवेअरमध्ये जमेल?

उत्तम जमेल. डार्कटेबलमध्ये फिल्मिक आरजीबी आणि ग्रेन ही दोन मॉड्यूलं याच कामाची आहेत. रॉथेरपीमध्ये फिल्म सिम्युलेशनची सोय आहे. लेयरची कामं गिंपमध्ये होतात. फुजीफिल्मचा कॅमेरा असेल तर त्यातलं क्लासिक क्रोम, जे २०१४पासून आहे, रस्त्यावरच्या फोटोंसाठी फार सुंदर पाया देतं.

फ्रेममध्ये मोबाइल, नव्या गाड्या दिसतात. मग जुनं रूप खोटं नाही का वाटणार?

फिल्म आजही विकली जाते, आजही वापरली जाते. आजचा रस्ता फिल्मवर टिपला तर त्यात मोबाइल दिसणारच. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की फिल्मसारखा फोटो आणि जुना झालेला फोटो वेगळे करा. पोर्ट्राच्या रंगांत मोबाइलवर हसणारी मुलगी अगदी खरी वाटते. त्याच फोटोला चाळीस वर्षांपूर्वी फिका पडलेला कागद बनवलंत तर मात्र डोळा अडखळतो. मोबाइल पुसून टाकण्याचा सल्ला मी कधीच देणार नाही. रस्त्यावर जे होतं ते होतं.

बातमीसाठी किंवा दस्तावेज म्हणून फोटो देणार असाल तर कर्व्ह आणि कृष्णधवल यांपलीकडे जाऊ नका आणि त्या संस्थेचे नियम आधी वाचा. वलय, लीक, ओरखडे या सगळ्या दृश्यात नसलेल्या गोष्टी आहेत.

दहा फोटोंची मालिका आहे. प्रत्येकाला वेगळी फिल्म देऊ?

एक मालिका, एक फिल्म. पहिला फोटो नीट करा, तेच सेटिंग सगळ्यांवर चढवा आणि नंतर फक्त एक्सपोजर हलवा. मग सगळे लहान करून एका पानावर ओळीत लावा, जुन्या कॉन्टॅक्ट शीटसारखे, ज्यात अख्ख्या रोलचे फोटो एकाच कागदावर लहान आकारात छापले जात. जो वेगळा पडतो तो लगेच दिसतो.

ऑनलाइन टाकल्यावर दाणा चिखल का होतो?

कारण तिथे फोटो लहान केला जातो आणि दाबला जातो, आणि दाबताना सगळ्यात आधी बारीक तपशील जातो. ज्या मापात टाकायचा आहे त्या मापात आधी स्वतः लहान करा, मग त्या प्रतीवर दाणा टाका, थोडा मोठा आणि थोडा कमी.

आणि कागदावर छापताना?

दाणा छापल्यावर पडद्यापेक्षा बारीक दिसतो. ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) छापलेल्या छोट्या प्रिंटमध्ये तो जवळपास गायब होतो, म्हणून छपाईसाठी वेगळी प्रत ठेवा आणि तिच्यात दाणा वाढवा. मॅट कागद काळे आपोआप मऊ करतो. तुम्ही कर्व्हमध्ये काळे आधीच उचलले असतील तर त्या कागदावर फोटो दोनदा फिका होईल, तेव्हा मॅटसाठी काळा बिंदू पुन्हा शून्यावर आणा. शक्य असेल तर आधी पोस्टकार्डाएवढा तुकडा छापा. तो खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात धरून पाहा, आणि मगच मोठ्या कागदाला हात घाला.